काळ्या अंगठ्याचं पुस्तक

अण्णासो कांबळे यांच्याबद्दल लिहायचं तर आधी एक कबुली द्यावी लागेल. त्यांच्यावरचा मेमो मीच टाइप केला होता. 'कामातील अक्षम्य निष्काळजीपणा' हे शब्दही माझेच. हंबीरराव फोरमननी फक्त "जरा कडक लिवा, जोतीराम" एवढंच सांगितलं होतं. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत टाइमकीपर होतो. टाइमकीपरला आयुष्यभर 'उशिरा आला' आणि 'लवकर गेला' याखेरीज काही लिहायला मिळत नाही. त्यामुळं कडक लिहायची संधी आली तेव्हा मी जीव ओतून लिहिलं. त्याची लाज मला अजून वाटते.

अण्णासो मोल्डर होते. वाळूत पॅटर्न, म्हणजे वस्तूचा लाकडी नमुना, दाबून साचा करायचा, त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं, हे काम त्यांनी चोवीस वर्षं केलं होतं. मूठभर वाळू उचलायची, आवळायची, मोडून बघायची आणि सांगायचं, "पाणी जास्त झालंय." लॅबवाले यंत्र लावून अर्ध्या तासानं तेच सांगायचे आणि वर त्याच्या कागदावर सही घ्यायचे. वाळूत कोळशाची भुकटी असते. ती अण्णासोंच्या बोटांच्या भेगांत इतकी मुरली होती की साबण, रॉकेल, राख, कशालाच दाद देत नव्हती. त्यांच्या घरच्या, बायडाबाई, म्हणायच्या, "आमच्यात कुणी भाकरी मोडली ते इचारावं लागत न्हाई. ठसा असतोय की."

शाळा सातवीपर्यंत. पण वाचायचा नाद दांडगा. भज्याच्या पुडीचा कागदसुद्धा तेल पुसून, सरळ करून वाचल्याशिवाय टाकायचे नाहीत.

अठ्ठ्याण्णव सालच्या जुलैत पुण्याच्या एका गिऱ्हाइकानं आमचे बावीस ब्रॅकेट परत पाठवले. ब्रॅकेटला खाच उजव्या अंगाला हवी होती, ती डाव्या अंगाला आली होती. बावीसच्या बावीस. टेम्पो गेटवर उभा राहिला आणि सगळी फौंड्री बघायला जमली. हंबीरराव कोडोलीचे, आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे. नकाशे त्यांच्याच कपाटात असायचे, वाचायचेही तेच आणि त्यावरून सुताराकडून पॅटर्न करून घ्यायचेही तेच. त्यांनी एकदा ब्रॅकेटकडं बघितलं, एकदा आमच्याकडं बघितलं आणि निकाल दिला.

"अण्णासोनं पॅटर्न उलटा दाबला."

अण्णासो शांतपणे म्हणाले, "आवो फोरमन, डाव्या पायाचा बूट कसाबी फिरवून ठेवला तरी उजव्या पायाचा हुतोय व्हय? पॅटर्न आला तसा दाबला मी."

हा मुद्दा माझ्यासारख्या कारकुनालाही कळला. पण आमच्याकडं चूक नेहमी वरून खाली येते, आणि अण्णासोंच्या खाली वाळूशिवाय काहीच नव्हतं. मेमो निघाला. अण्णासोंनी तो दोनदा वाचला, सही केली आणि मला विचारलं, "अक्षम्य म्हंजे माफी न्हाई असंच न्हवं?" मी मान डोलावली. त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि कामाला गेले.

मात्र तेव्हापासून त्यांनी एक धोशा लावला. "त्यो नकाशा मला एकदा दावा. माझं चुकलं का न्हाई, तेवढंच बघतो." हंबीरराव म्हणायचे, "तुला काय कळणार हाय त्यातलं?" आणि खरी गोष्ट अशी होती की अण्णासोंनाही तीच शंका होती. नकाशा हातात आला असता, तरी तो वाचता आला नसता.

त्याच सुमारास धाकटे मालक राजवर्धन पुण्याहून मॅनेजमेंट शिकून आले. त्यांनी आल्याआल्या आयएसओ सर्टिफिकेट घ्यायचं काढलं. त्यासाठी कामगारांच्या शिक्षणाची वेगळी जागा हवी म्हणाले. थोरल्या मालकांना हे पसंत नव्हतं. कामगार शिकला तर काम कोण करणार, अशी त्यांना काळजी. पण मुलगा एकुलता. त्यांनी कंप्रेसरसाठी ठेवलेली खोली दिली, मात्र अट घातली, "सर्टिफिकेट मिळालं तर खोली ऱ्हाईल. न्हाईतर कंप्रेसर आत आणि पुस्तकं भाईर."

खोलीला पांढरा रंग लागला. पंखा आला, फळा आला, बारा खुर्च्या आल्या. आयटीआयची मराठी पुस्तकं आली, वेल्डिंगची, फिटिंगची, ड्रॉइंगची, एकूण चौतीस. राजवर्धननी दारावर 'लर्निंग सेंटर' लिहायला सांगितलं. हंबीररावांना ते मिळमिळीत वाटलं. त्यांनी पेंटरला परस्पर गाठून 'ज्ञानमंदिर' लिहून घेतलं, आणि पुढचा सगळा घोळ तिथनं सुरू झाला.

कारण उद्घाटन खंडेनवमीला ठेवलं होतं. त्या दिवशी आमच्याकडं भट्टी बंद. पक्कड, हातोडे, ग्राइंडर, वजनकाटा, मालकांची मोटार, सगळ्यांना झेंडूचा हार आणि हळद-कुंकू. मग पुस्तकं तरी कशी सुटणार? हंबीररावांनी आंघोळ करून, टोपी घालून, चौतीसही पुस्तकांची यथासांग पूजा केली. प्रत्येकाच्या अंगावर कुंकवाचं बोट ओढलं. नारळ फोडला. सगळ्यांनी दाराबाहेर बूट काढून नमस्कार केला, पेढा घेतला आणि मागच्या पावली बाहेर आले.

ते जे बाहेर आले ते बाहेरच राहिले.

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली, 'पादत्राणे बाहेर काढावीत. हात स्वच्छ असल्याखेरीज पुस्तकास स्पर्श करू नये.' आता फौंड्रीत स्वच्छ हात कुणाचे? थोरल्या मालकांचे आणि माझे. मालक वाचत नव्हते आणि मला खुर्चीवरून उठायचा कंटाळा. बाकीची एकेचाळीस माणसं दारातनंच हात जोडायची. भट्टीवरचे पिराजी तर नवीन कामाला हात घालण्याआधी तिथं येऊन कानाला हात लावायचे. हंबीरराव दर शनिवारी उदबत्ती लावायचे. पुस्तकांवर धूळ नव्हती, वाळवी नव्हती, वाचकही नव्हता.

राजवर्धन मला विचारायचे, "हजेरी कशी आहे सेंटरमध्ये?" मी म्हणायचो, "चांगली आहे." वाचकांचं रजिस्टर माझ्याकडंच होतं. त्यात एकेचाळीस जणांच्या सह्या मीच करायचो, निळ्या पेनानं आणि काळ्या पेनानं आलटूनपालटून. एवढी अक्कल मी वापरली होती.

खोलीची किल्ली माझ्या टेबलाला असायची. दिवाळी झाल्यावर अण्णासो जेवणाच्या सुट्टीत ती मागायला लागले. म्हणाले, "पंखा हाय तिथं. जरा पडतो." मला त्यात काही गैर वाटलं नाही. देवळात दुपारी झोपणारी माणसं सगळीकडं असतात.

डिसेंबरात एका शनिवारी हंबीरराव उदबत्ती लावायला गेले आणि आतनं ओरडतच बाहेर आले. हातात पुस्तक होतं, 'अभियांत्रिकी ड्रॉइंग, भाग पहिला'. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक काळा अंगठा. पान एक, पान दोन, पान तीन, थेट एकशे बारापर्यंत. त्यापुढं कोरं.

हंबीररावांनी सगळी पाळी ओळीत उभी केली. "कुणी केलं हे? पूजा केलेलं पुस्तक बाटवलं कुणी?"

तो शब्द कुणासमोर उच्चारला गेला ते सगळ्यांना कळलं, आणि उच्चारल्यावर हंबीररावांनाही कळलं. मला त्यांचा असा संताप आला की हातातला हजेरीच्या कार्डांचा डबा त्यांच्या पायावर आदळावा. आदळला नाही. आमची मजल मनातल्या मनातच.

"खराब केलं म्हणतोय मी," हंबीरराव हळू आवाजात म्हणाले. "खराब."

मग त्यांनी तपास सुरू केला. एकेकाचा अंगठा पुस्तकाशेजारी धरून बघू लागले. आता एकेचाळीस काळे अंगठे, सगळे भेगाळलेले. पाचव्या माणसानंतर त्यांचं त्यांनाच समजेना की आपण काय शोधतोय. सहावे अण्णासो पुढं आले.

"कशाला लोकांचं अंगठं मोजताय? माझाच हाय."

"तू? आरं, पाटी वाचली न्हाईस व्हय?"

"वाचली की. पाटी वाचली, मग पुस्तक वाचलं." अण्णासोंचा आवाज चढला नव्हता. "हात धुवून धुवून कातडं गेलं, फोरमन. काळं जात न्हाई. मग काय वाचायचंच न्हाई? आमच्या घरात पुस्तकाला कुकू लावत न्हाईत. वाचत्यात."

हंबीररावांना उत्तर सुचलं नाही, म्हणून त्यांनी निर्णय घेतला. माझ्याकडं बघून म्हणाले, "जोतीराम, तुम्ही पुलावरनं जाता न्हवं? हे पंचगंगेत सोडून टाका. खराब झालेली पोथी घरात ठेवू नये."

"ती पोथी न्हाई," अण्णासो म्हणाले. पण मला पुस्तक लाल फडक्यात गुंडाळून, वर नारळ ठेवून देण्यात आलं होतं.

संध्याकाळी पुलावर मी माझी लुना थांबवली. नदीत सोडण्याआधी सहज उघडून बघितलं. पहिल्या पानांवर अंगठे गर्द होते, पुढं पुढं फिकट होत गेलेले. मला आधी उलगडा होईना. मग लक्षात आलं, हा माणूस दिवसेंदिवस जास्त घासून हात धुऊन येत होता. समासात बारीक पेन्सिलीनं चित्रं काढलेली. घागर समोरून, घागर वरून, पाटा बाजूनं, वरवंटा वरून. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'घरी असंच काढून दावलं, तर बायडा म्हणती ही घागर न्हाई, भाकरी आहे. वरून बघ म्हटलं.'

झोपायला येतो म्हणून किल्ली नेणारा माणूस! मला माझ्या मेमोची आठवण झाली. मी पुस्तक पिशवीत घातलं. नारळही सोडला नाही. त्याची घरी चटणी झाली.

सोमवारी हंबीररावांनी विचारलं, "सोडलं?"

"सोडलं."

"बुडालं का तरंगलं?"

"तरंगलं. नरसोबाच्या वाडीच्या अंगाला गेलं."

"मग चांगलं झालं," हंबीरराव समाधानानं म्हणाले.

अण्णासो जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी आले. किल्ली मागायला नव्हे, नुसतेच. मग म्हणाले, "एकशे बारा पान झालतं. तिथं शेवटाला लिवलं हुतं की नकाशा काढायची आणि एक रीत हाय, ती पुढच्या पानावर बघा. पुढचं पान गेलं वाडीला."

मी खण उघडला. पुस्तक त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला खाली बघावं लागलं. त्या दिवसापासून ते टाइम ऑफिसात, माझ्या टेबलाखाली पुस्तक धरून वाचायला लागले.

पान एकशे तेरावर होतं ते त्यांनी मला चुना-तंबाखूच्या डबीवर समजावलं. आपल्याकडं वस्तू उजवीकडनं बघितली तर ते चित्र डावीकडं काढायची पद्धत. काही परदेशी नकाशांत मात्र उजवीकडनं दिसणारं उजवीकडंच काढतात. कुठली पद्धत आहे हे नकाशाच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या खुणेवरून ओळखायचं. खूण न बघता वाचलं तर डावं उजवं होतं आणि उजवं डावं.

डबी हातात तशीच धरून ते थांबले.

"जोतीराम," ते म्हणाले, "ते पुण्याचं गिऱ्हाईक मशिनी कुठल्या करतंय?"

"जपानी."

त्यांनी डबी मिटून खिशात टाकली. नकाशा फोरमनच्या कपाटात होता.

फेब्रुवारीत ऑडिट आलं. पुण्याहून मोठे साहेब येणार म्हणून हंबीररावांनी खास फेटा बांधणारा बोलावून ठेवला होता. मोटारीतनं उतरल्या त्या पूर्णिमा मॅडम, पस्तिशीच्या, पायात सेफ्टी शूज. फेटेवाला फेटा हातात धरून हंबीररावांकडं बघू लागला. हंबीररावांनी तो घाईघाईनं माझ्या डोक्यावर बांधायला लावला. त्यामुळं पुढचं सगळं ऑडिट मी फेट्यात दिलं.

दुपारी मॅडम ज्ञानमंदिरापाशी आल्या. सगळ्यांनी बूट काढले म्हणून त्यांनीही काढले. एक पुस्तक उघडायला गेल्या तर हळदीनं पानं चिकटलेली. दुसरं उघडलं, तेही तसंच.

"ही वाचतं कोण?"

"वाचत न्हाई मॅडम," हंबीरराव अभिमानानं म्हणाले, "लई जपतो."

राजवर्धन पांढरे पडले. मॅडमनी रजिस्टर मागितलं. दोन पानं चाळली आणि माझ्या फेट्याकडं बघून म्हणाल्या, "एकेचाळीस माणसांचा 'र' एकसारखा कसा?" मी घामानं निथळलो. फेट्यात घाम फार येतो.

"इथं कुणीतरी काहीतरी शिकलं, याचा एक तरी पुरावा दाखवा," त्या म्हणाल्या. "नाहीतर ही खोली मला वापरात नाही असं लिहावं लागेल." मागं थोरले मालक उभे होते. ते भिंतीकडं अशा नजरेनं बघू लागले की कंप्रेसर कुठं बसेल ते मला दिसलंच.

मी आयुष्यात फार धाडसं केलेली नाहीत. हे एक केलं. टाइम ऑफिसात गेलो, खणातलं पुस्तक आणलं आणि मॅडमच्या हातात दिलं.

हंबीरराव बघतच राहिले. "हे वाडीला गेलतं की."

"परत आलं," मी म्हणालो.

मॅडम एकेक पान उलटत गेल्या. अंगठे, घागरी, वरवंटे. त्या पहिल्यांदाच हसल्या. "कुणाचं आहे हे?" अण्णासो पुढं आले, टोपी हातात. "काय शिकलात?" त्यांनी विचारलं.

अण्णासोंनी सात महिन्यांचं तेच वाक्य पुन्हा बाहेर काढलं. "बाई, तोंडानं काय सांगू? मला एक नकाशा बघायचाय. जुलैतल्या ब्रॅकेटचा. तेवढा दावायला सांगा."

नाही म्हणायची सोयच नव्हती. हंबीररावांनी कपाट उघडून नकाशा आणला. झेरॉक्सचीही झेरॉक्स, अर्ध्या तुटक रेघा उडालेल्या. अण्णासोंनी तो जमिनीवर पसरला, उकिडवे बसले आणि चित्राकडं बघितलंच नाही. सरळ उजव्या कोपऱ्यात अंगठा नेला. तिथं माशीएवढी खूण होती. ती त्यांनी बराच वेळ बघितली. मग पुस्तकाचं पान एकशे तेरा शेजारी उघडून ठेवलं. दोन्ही खुणा एकच.

"ह्ये उजवीकडचं चित्र उजव्याच अंगाचं हाय," ते म्हणाले. "ते डाव्या अंगाचं धरलं म्हणून पॅटर्नच डावा झालता. मी आला तसा दाबला." आणि जरा थांबून म्हणाले, "माझं चुकलं नव्हतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी फेट्याचा शेमला पुढं ओढून पुसलं. फेट्याचा तेवढा एक उपयोग झाला.

मॅडमनी दोन गोष्टी लिहिल्या. खोलीत शिक्षण होतं याचा पुरावा आढळला. कंपनीला नकाशा वाचता येत नाही याचाही आढळला. सर्टिफिकेट तीन महिने लांबलं, पण मिळालं. खोली राहिली. कंप्रेसरला बाहेर पत्र्याची शेड झाली.

त्या संध्याकाळी मी फायलीतून मेमोची प्रत काढून फाडायला घेतली. अण्णासोंनी हात धरला. "फाडू नगा. चूक कुणाची ते त्याच्याखाली लिवा आणि हुता तिथंच ठेवा." मी पेन उघडलं, तेवढ्यात दारात हंबीरराव. ते कधीपासून उभे होते कोण जाणे. आत आले, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या कडक मराठीखाली आपल्या गिचमिड अक्षरात लिहिलं, 'नकाशा मी उलटा वाचला. अण्णासोची चूक नाही.' सही केली. माफीबिफी मागितली नाही. जाताना एवढंच म्हणाले, "आणि ती पाटी काढून टाका, जोतीराम."

पाटी निघाली तशी खोलीत माणसं शिरू लागली. पिराजी वेल्डिंगच्या पुस्तकात नाक खुपसून बसू लागले. मला सह्या करायचं काम उरलं नाही. वर्षभरात तिथल्या एकाही पुस्तकाचा कोपरा पांढरा राहिला नाही.

पुढची खंडेनवमी आली. पुन्हा हार, पुन्हा हळद-कुंकू. पूजेला मांडलेलं पुस्तक दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही हा नेम, हंबीररावांनीच तो सगळ्यांना बजावून सांगितला. पेढे वाटले, माणसं घरी गेली. मी खोलीला कुलूप लावून टाइम ऑफिसात आलो तर हंबीरराव खिडकीत.

"जरा किल्ली द्या."

"पूजा झाली की आता. उघडायचं न्हाई म्हणाला न्हवं?"

"व्हय," ते रस्त्याकडं बघत म्हणाले. "पर त्यो छेदाचा धडा अर्धा ऱ्हायलाय. जरा पंख्याखाली पडतो."

मी किल्ली दिली.

दसऱ्यानंतर अण्णासो सुट्टीत पुस्तक घेऊन बसले आणि मला हाक मारली. पान एकशे एकतीस. त्यांच्या काळ्या अंगठ्याशेजारी दुसरा एक अंगठा उमटला होता, रुंद आणि लालभडक, कुंकवाचा. अण्णासोंनी तो न्याहाळून बघितला, पान उलटलं आणि म्हणाले,

"हात धुतलं नव्हतं वाटतं फोरमननी."